एम. एस्सी. झालेल्या नर्सचे पुढचे प्रमाणपत्र : परवान्याकडे नेणारे कोणते, भिंतीवर लावायचे कोणते?

नर्सिंगचा पेशा आपल्या वस्त्यांना नवा नाही. एका पिढीपूर्वी घरातली पहिली शिकलेली मुलगी जी. एन. एम. झाली की साऱ्या चाळीला आनंद होत असे. आज त्याच घरातली धाकटी बी. एस्सी. नर्सिंग करते, रात्रपाळ्या सांभाळून एम. एस्सी. होते, आणि मग घरात नवा प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? वडीलधारी म्हणतात, “एवढे शिकलीस, आता पुरे.” मैत्रीण म्हणते, “अमेरिकेत एम. एस्सी. नंतरचे सर्टिफिकेट करतात, ते कर.” एजंट तर फीचा तक्ताच पुढे ठेवतो. आकडा लाखांत असतो. मग प्रॉव्हिडंट फंड काढायचा की गावचा तुकडा विकायचा, अशी बोलणी सुरू होतात.

बोलणी त्या टोकाला जाण्यापूर्वी हे प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय हे घरातल्या सर्वांनी समजून घेतले पाहिजे. इंग्रजीत त्याला पोस्ट-मास्टर्स किंवा पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणतात. ते मुळात अमेरिकेचे, तिथल्या कायद्यातून आणि तिथल्या गरजेतून निर्माण झालेले आहे. तिथल्या नर्सला त्याचा मोठा उपयोग होतो. इथल्या नर्सलाही होऊ शकतो, पण केव्हा आणि कोणत्या अटींवर, हे पाहावे लागते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. प्रमाणपत्राची किंमत त्यावरच्या सोनेरी शिक्क्यावरून ठरत नाही. ते मिळाल्यावर कोणत्या परीक्षेला बसता येते आणि कोणता परवाना हाती पडतो, यावरून ती ठरते.

हे शिक्षण आले कुठून?

१९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून एक प्रयोग सुरू केला. खेड्यापाड्यांतील आणि गरीब वस्त्यांतील मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. नर्स मात्र त्यांच्या दारापर्यंत पोहोचत होती. मग या नर्सलाच मूल तपासण्याचे, साधे आजार ओळखण्याचे आणि उपचार करण्याचे जादा शिक्षण दिले तर? या विचारातून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही नवी भूमिका जन्माला आली. काही डॉक्टरांनी विरोध केला, काही नर्सनीही नाके मुरडली. पण काम बोलत होते. लोरेटा फोर्ड २०२५ साली १०४ व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांनी लावलेले रोप सर्व अमेरिकाभर पसरलेले होते.

त्याआधीही असे प्रयत्न झाले होते. केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ साली सेवा सुरू केली. तिथल्या नर्स घोड्यावर बसून बाळंतपणे करायला जात. त्या सेवेने १९३९ साली सुईणकामाची शाळा काढली. तीच आज फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते आणि एम. एस. एन. झालेल्या नर्ससाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवते.

सुरुवातीच्या काळात नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण बहुतेक ठिकाणी काही महिन्यांच्या प्रमाणपत्राचेच होते. पुढे जबाबदारी वाढली तशी पात्रताही वाढली आणि पदव्युत्तर पदवी ही किमान अट झाली. तेव्हा एक अडचण उभी राहिली. ज्या नर्सनी आधीच शिकवण्यासाठी वा व्यवस्थापनासाठी पदव्युत्तर पदवी घेतली होती, त्यांना रुग्ण तपासण्याच्या भूमिकेत यायचे झाले तर पुन्हा सगळी पदवी करायची काय? त्याला उत्तर म्हणून हे प्रमाणपत्र आले. झालेला अभ्यास धरून चालायचे आणि जेवढे कमी आहे तेवढेच शिकायचे, असा त्याचा सरळ हिशेब आहे.

चार भूमिका आणि सहा रुग्णगट

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचे तर आधी एन. सी. एल. ई. एक्स. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्याचा आर. एन. परवाना घ्यावा लागतो. त्याच्या वरच्या पायरीवर प्रगत नर्सच्या चार भूमिका आहेत : नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी नर्स आणि प्रमाणित मिडवाइफ म्हणजे प्रशिक्षित सुईण. २००८ साली तिथल्या नर्सिंग संस्थांनी एकत्र बसून या भूमिकांचा एक आराखडा ठरवला. नर्स कोणत्या भूमिकेत आणि कोणत्या रुग्णगटासाठी काम करणार, हे तिच्या शिक्षणातच ठरलेले असावे, असे त्यात आहे. गट सहा आहेत : सर्व वयांचे कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालके, नवजात अर्भके, स्त्रियांचे आरोग्य आणि मानसिक आरोग्य. प्रौढांच्या आणि बालकांच्या गटात आणखी दोन फाटे आहेत : एक दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीचा आणि दुसरा इस्पितळातल्या गंभीर रुग्णांचा.

ही विभागणी कागदावर कोरडी वाटते, पण तिच्यावर नर्सची भाकरी अवलंबून असते. समजा, एक नर्स ‘कुटुंब’ गटाची प्रॅक्टिशनर आहे आणि तिला इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात काम मिळाले. काही वर्षांनी इस्पितळ सांगते, की तुझे शिक्षण नेहमीच्या तपासणीचे आहे, गंभीर रुग्णांचे नाही. तेव्हा त्या गटाचे प्रमाणपत्र आण. अनुभव असूनही हाती कागद नसेल तर तिची जागा धोक्यात येते. एम. एस. एन. नंतरचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांत अशा नर्सची संख्या मोठी असते.

निवडीला काय काय आहे?

या प्रमाणपत्रांचे सरळ दोन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग परवान्याकडे नेणाऱ्यांचा. त्यात ‘कुटुंब’ गटाचे प्रमाणपत्र सर्वांत ओळखीचे. लहान मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांना तपासता येत असल्याने खेड्यातल्या दवाखान्यात त्याला मागणी असते. दुसरे मानसिक आरोग्याचे. अमेरिकेत मानसोपचार डॉक्टरांची टंचाई आहे, त्यामुळे आधीच प्रॅक्टिशनर असलेल्या पुष्कळ नर्स या प्रमाणपत्राकडे वळतात. त्याखेरीज गंभीर प्रौढ रुग्ण, बालके, नवजात अर्भके, स्त्रियांचे आरोग्य आणि मिडवाइफरी यांची प्रमाणपत्रे आहेत. नवजात अर्भकांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी अशा बाळांच्या अतिदक्षता विभागात काम केल्याचा अनुभव विचारतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा वर्ग काम बदलणाऱ्या, पण परवाना न बदलणाऱ्या प्रमाणपत्रांचा. नर्सिंगचे अध्यापन, व्यवस्थापन आणि माहिती-तंत्रज्ञान ही त्यांतली मुख्य. ज्या बहिणीला कॉलेजात शिकवायचे आहे, तिला अध्यापनाच्या प्रमाणपत्राचा फायदा होतो. पुढे नॅशनल लीग फॉर नर्सिंगची शिक्षक-नर्सची परीक्षाही देता येते. इस्पितळातल्या संगणकीय नोंदी सांभाळणारी नर्स माहिती-तंत्रज्ञानाचे घेते. ही प्रमाणपत्रे वाईट नाहीत. पण त्यांच्यावर रुग्ण तपासून औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. जाहिरातीत दोन्ही वर्ग एकाच यादीत छापलेले असतात आणि वाचणारी फसते ती इथेच.

एक दार मात्र आता बंद झाले आहे. भूल देणाऱ्या नर्सचे शिक्षण पूर्वी पदव्युत्तर पातळीवर होत असे. १ जानेवारी २०२२ पासून या शाखेत नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो. तेव्हा एम. एस्सी. नंतर छोट्या प्रमाणपत्रावर भूल देणारी नर्स बनवतो असे कोणी सांगितले तर सावध व्हावे.

अभ्यास कसा चालतो?

प्रवेशाच्या वेळी कॉलेज उमेदवाराची जुनी गुणपत्रके घेऊन बसते आणि एक तक्ता तयार करते. तिथे त्याला गॅप अॅनालिसिस म्हणतात. कोणते विषय झाले, कोणते राहिले, प्रात्यक्षिकाचे किती तास धरता येतील, याची विषयवार मांडणी त्यात असते. या तक्त्यावरच पुढचा सारा खर्च आणि वेळ अवलंबून आहे. एकीला वर्षभरात प्रमाणपत्र मिळते आणि तिच्याच शेजारी बसलेल्या दुसरीला दोन वर्षे लागतात, याचे कारण हाच तक्ता.

तीन विषय सर्वांना अनिवार्य असतात : प्रगत विकृतीशास्त्र म्हणजे रोगात शरीरात काय बिघडते याचा अभ्यास, प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून नर्स त्यांना ‘थ्री पी’ म्हणतात. हे तीन विषय स्वतंत्रपणे, पदव्युत्तर पातळीवर झालेले असले पाहिजेत. अध्यापनाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या नर्सचे ते झालेले नसले, तर आधी ते पुरे करावे लागतात. झालेले असून फार वर्षे लोटली असली, तर काही कॉलेजे ते पुन्हा करायला लावतात.

त्यानंतर येतात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणासाठी पूर्वी किमान ५०० तासांची अट होती. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी ती ७५० तासांवर नेली. दररोज आठ तास धरले तरी हे ९४ दिवस होतात. आधीच प्रॅक्टिशनर असलेल्या नर्सला आधीच्या शिक्षणाची काही सूट मिळू शकते, पण नव्या गटाच्या रुग्णांवर पुरेसे काम करून दाखवल्याशिवाय सुटका नाही. हे तास तिच्या नेहमीच्या नोकरीत धरले जात नाहीत. विद्यार्थिनी म्हणून, एखाद्या अनुभवी प्रॅक्टिशनरच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली ते भरायचे असतात.

ही देखरेख करणारी व्यक्ती म्हणजे प्रिसेप्टर. ती मिळवणे ही या शिक्षणातली सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. काही कॉलेजे स्वतः जागा मिळवून देतात. पुष्कळ कॉलेजे मात्र सांगतात, तुमची जागा तुम्ही शोधा. मग नोकरी, मुले आणि अभ्यास सांभाळणारी बाई दवाखान्यामागून दवाखान्यात विनंत्या करत फिरते. जागा मिळाली नाही तर सत्र वाया जाते आणि पदवीदानही लांबते. म्हणून पाठ घरबसल्या ऑनलाइन होतील, या एका वाक्यावर भाळू नये. पाठ ऑनलाइन असले तरी रुग्णाच्या खाटेपाशी उभेच राहावे लागते.

प्रमाणपत्रानंतर काय?

कॉलेजचे प्रमाणपत्र हाती पडले म्हणजे काम संपले असे नाही. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा असते. कुटुंब गटासाठी अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शिअलिंग सेंटर आणि नर्स प्रॅक्टिशनरांचे प्रमाणन मंडळ अशा दोन संस्थांच्या परीक्षा आहेत. मानसिक आरोग्यासाठी क्रेडेन्शिअलिंग सेंटर ही मुख्य वाट आहे. बालकांसाठी, नवजातांसाठी आणि मिडवाइफसाठी वेगळी मंडळे आहेत. परीक्षेला बसायचे तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो. ही मान्यता नर्सिंग शिक्षणाची खास मंडळे देतात, सी. सी. एन. ई. आणि ए. सी. ई. एन. ही त्यांतली प्रमुख नावे. कॉलेजची बी. एस. एन. मान्यताप्राप्त आहे म्हणून त्याचे प्रमाणपत्रही मान्यताप्राप्त असेलच असे समजू नये. प्रमाणपत्राची मान्यता वेगळी तपासावी.

परीक्षेनंतर राज्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि इथे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. सुमारे निम्म्या राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या अधिकारात रुग्ण तपासून औषध लिहू शकते. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही त्यांतली राज्ये. टेक्साससारख्या राज्यात मात्र औषध लिहिण्यासाठी तिला डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. प्रमाणपत्र तेच, पण राज्याची सीमा ओलांडली की अधिकार बदलतो. शिवाय वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांचे प्रमाणन दर पाच वर्षांनी नवे करून घ्यावे लागते.

आणखी एक गोम आहे. एका राज्यातले ऑनलाइन कॉलेज प्रत्येक राज्यातल्या विद्यार्थिनीला प्रवेश देऊ शकत नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत राज्यांची यादी दिलेली असते. आपले राज्य त्यात नसेल तर तिथे भरलेला अर्ज व्यर्थ जातो.

आपल्याकडच्या एम. एस्सी. नर्सने काय समजावे?

आता आपल्या घरातल्या लेकीकडे वळू. आपल्याकडे एम. एस्सी. नर्सिंगच्या नेहमीच्या शाखा पाच : वैद्यकीय-शल्य, सामाजिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग आणि मानसिक आरोग्य. ही पदवी भक्कम आहे. पण तिच्यावर अमेरिकेत कोणी थेट प्रगत नर्स होत नाही. मानसिक आरोग्यात एम. एस्सी. केले म्हणून तिथे मानसिक आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर होता येते, असा समज पुष्कळ मुलींचा असतो. तो बरोबर नाही. शाखेचे नाव सारखे असले तरी भूमिका वेगळी आहे.

तिथल्या प्रमाणपत्राला प्रवेश घेण्याची पहिली अट अमेरिकेतला चालू आर. एन. परवाना ही आहे. त्यासाठी इथल्या शिक्षणाची आणि नोंदणीची छाननी होते. हे काम करणारी सी. जी. एफ. एन. एस. ही संस्था १९७७ साली स्थापन झाली. २०२५ पासून तिने ट्रूमेरिट हे नाव घेतले आहे. छाननीनंतर एन. सी. एल. ई. एक्स. ही परीक्षा येते. ती संगणकावर होते, भारतातील काही शहरांतही देता येते, आणि २०२३ पासूनच्या स्वरूपात तीत किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असतात. कामासाठी स्थलांतर करायचे तर इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसास्क्रीन नावाचे आणखी एक प्रमाणपत्र लागते. भारतीय अर्जदारांची कायम वास्तव्याच्या व्हिसाची रांग अनेक वर्षांची आहे.

म्हणून एजंटने “सर्टिफिकेटला प्रवेश घ्या, व्हिसा आपोआप होईल” असे सांगितले, तर त्याच पावली परत फिरावे. प्रवेश मिळाला म्हणून व्हिसा मिळत नाही. पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि भारतात बसून त्या अभ्यासक्रमाचे रुग्णसेवेचे तास भरता येत नाहीत. इथे राहून असे प्रमाणपत्र पुरे होईल ही गोष्टच संभवत नाही.

जिने आर. एन. परवाना मिळवला, तिथे नोकरी धरली, तिची गोष्ट वेगळी. तिने दोन हिशेब शेजारी शेजारी मांडावेत. आपल्या एम. एस्सी. तले किती विषय कॉलेज धरायला तयार आहे, हे लेखी विचारावे. थोडेच धरत असेल तर प्रमाणपत्राऐवजी तिथली एम. एस. एन. किंवा नर्सिंग प्रॅक्टिसची डॉक्टरेट घेणे कदाचित सोयीचे ठरेल, कारण मेहनत जवळपास तेवढीच आणि हाती पदवी येते. बरेचसे धरत असेल तर प्रमाणपत्र स्वस्त आणि लवकर होणारे.

शिष्यवृत्तीबद्दल

अनुसूचित जातींसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. या दोनच पातळ्यांसाठी आहे. प्रमाणपत्र अभ्यासक्रम तीत बसत नाही. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळतात. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावा, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिची त्या त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये. जिला परदेशी शिकायचेच आहे, तिने शिष्यवृत्ती मिळणारी पदवी आधी पाहावी आणि स्वखर्चाचे प्रमाणपत्र नंतर.

इथल्या वाटा

देशातच राहून पुढे शिकायचे तर वाटा आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवलेले पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचे असतात : अतिदक्षता, कर्करोग, नवजात बालके, मेंदू व मज्जासंस्था, शस्त्रक्रियागृह, मानसिक आरोग्य इत्यादी. ते मुळात नोंदणीकृत नर्ससाठी आहेत, म्हणजे पातळीने एम. एस्सी. च्या खालचे. पण सामाजिक आरोग्यात एम. एस्सी. केलेल्या बहिणीला कर्करोगाच्या वॉर्डात काम करायचे असेल, तर हाताला वळण लागण्यासाठी त्यांचा उपयोग आहे. बढतीसाठी किंवा प्राध्यापकपदासाठी म्हणून ते करू नयेत, तिथे पीएच. डी. चे वजन अधिक.

केंद्र शासनाने २०१८ साली मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार सुईण नर्स प्रॅक्टिशनरचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आखले गेले. नैसर्गिक, सन्मानाचे बाळंतपण नर्सच्या हातून व्हावे हा त्यामागचा हेतू. अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे, पण ती स्वतःच एक पदव्युत्तर पदवी आहे. या कोणत्याही शिक्षणावर अमेरिकेतल्यासारखा स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा परवाना आपल्याकडे मिळत नाही, हेही स्पष्ट असावे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा संमत केला आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आला. तेव्हा नियमांतले बदल नर्सने स्वतः वाचत राहिले पाहिजे.

पीएच. डी. साठी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या पुढाकाराने राष्ट्रीय कन्सॉर्शियम चालवले जाते आणि त्यात बंगळूरचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ सहभागी आहे. आपल्याकडे नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे, तिची जाहिरात नजरेखालून घालावी.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

इथले असो वा परदेशातले, कोणत्याही प्रमाणपत्राची फी भरण्यापूर्वी पुढील प्रश्न कॉलेजला लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

१. हे प्रमाणपत्र मिळाल्यावर मी कोणत्या परीक्षेला बसू शकते? परीक्षेचे पूर्ण नाव सांगा.

२. त्या परीक्षेनंतर कोणता परवाना मिळतो? की परवाना मिळतच नाही?

३. या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला कोणत्या मंडळाची मान्यता आहे आणि ती कोणत्या वर्षापर्यंत?

४. माझे आधीचे कोणते विषय धरले जातील?

५. रुग्णसेवेचे तास किती, आणि प्रिसेप्टर कोण शोधणार?

६. मी राहते त्या राज्यातल्या विद्यार्थिनीला तुम्ही प्रवेश देता काय?

७. फीखेरीज विमा, पुस्तके, परीक्षा, प्रवास यांचा खर्च किती?

८. मध्येच सोडावे लागले तर किती पैसे परत मिळतील?

खर्चाचा हिशेब करताना एक चूक घरोघरी होते. फक्त फी धरली जाते. समजा, अभ्यासक्रम २४ क्रेडिटांचा आहे. एका क्रेडिटचा दर गुणिले २४ ही झाली फी. तीत प्रवास, परीक्षा आणि परवान्याचे शुल्क मिळवा. शिवाय रुग्णसेवेच्या तासांसाठी ज्या पाळ्या सोडाव्या लागतील, त्यांचा बुडालेला पगार मिळवा. हा शेवटचा आकडा अनेकदा फीच्या बरोबरीने उभा राहतो. तो आधी दिसला तर मध्येच कर्ज काढण्याची पाळी येत नाही.

एजंट या प्रश्नांनी वैतागला तर वैतागू द्यावा. चांगल्या कॉलेजच्या कार्यालयात हे प्रश्न रोज विचारले जातात आणि त्यांची उत्तरे तयार असतात. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे पैसे देऊ नयेत.

घरातल्यांसाठी दोन शब्द

हे शिक्षण घेणारी बाई विशीतली नसते. ती पस्तिशी-चाळिशीतली, संसारी, पाळ्यांची नोकरी करणारी असते. तिच्या परीक्षेच्या महिन्यात डबा कोण करणार, मुलांना शाळेत कोण पोहोचवणार, सासूबाईंचे औषध कोण आणणार, या प्रश्नांची उत्तरे कॉलेजच्या माहितीपत्रकात मिळत नाहीत. ती घरातच शोधावी लागतात. “तू शीक, आमची हरकत नाही” एवढे म्हणून भागत नाही. पतीने आठवड्यातले दोन दिवस स्वयंपाकघर अंगावर घेतले, तर तिला अभ्यासाचे आठ तास मिळतात. वर्षाला ते चारशेच्या वर जातात.

आणि ज्या बहिणींनी एम. एस्सी. नंतर काहीच न करण्याचे ठरवले असेल, त्यांनी मनात कमीपणा आणू नये. एम. एस्सी. ही काही कच्ची पायरी नाही. वॉर्डात उत्तम काम करणारी, नव्या मुलींना हाताला धरून शिकवणारी नर्स ही समाजाची मोठी ठेव आहे. पुढे शिकायचे असेल तर जरूर शिका. पण जाहिरात पाहून नव्हे, परवाना पाहून शिका. वरचे आठ प्रश्न एका वहीत लिहून ठेवा, प्रत्येकापुढे मिळालेले उत्तर तारखेसह नोंदवा, आणि आठही जागा भरल्या की मगच चेकवर सही करा.